विश्लेषण : महिला क्रिकेट आता खरेच 'करिअर' झाले आहे का? स्मृती मानधनाचा प्रवास काय सांगतो?

भारतीय महिला क्रिकेट संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच एकदिवसीय विश्वचषक जिंकला. बक्षिसांचा वर्षाव झाला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने (बीसीसीआय) संघासाठी ५१ कोटी रुपये जाहीर केले. महाराष्ट्र सरकारने स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज आणि राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये दिले. या आकड्यांनंतर अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो आहे. मुलगी क्रिकेट खेळायचे म्हणते आहे, पण यात पोट भरते का?

याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ते मुलगी कोणत्या पायरीपर्यंत पोहोचते यावर अवलंबून आहे. या पायऱ्या कशा तयार झाल्या, त्यावर पैसा कुठून येतो आणि तो कुठे थांबतो, हे समजून घेऊया.

स्मृती मानधनाचेच उदाहरण का?

कारण तिची कारकीर्द दोन काळांना जोडते. एप्रिल २०१३ मध्ये वयाच्या १६व्या वर्षी तिने बांगलादेशविरुद्ध भारतासाठी पदार्पण केले, तेव्हा भारतात महिला क्रिकेटपटूंसाठी वार्षिक करार नव्हते, व्यावसायिक लीग नव्हती आणि सामन्याचे मानधन पुरुषांच्या तुलनेत नाममात्र होते. आज तिच्याकडे 'अ' श्रेणीचा करार आहे, विमेन्स प्रीमियर लीगमध्ये (डब्ल्यूपीएल) कर्णधारपद आहे आणि भारतासाठी खेळताना तिला पुरुष खेळाडूंइतकेच सामन्याचे मानधन मिळते.

म्हणजे तिने फक्त धावा केल्या नाहीत, तर ज्या काळात हा खेळ छंदाचा पेशा झाला, त्या काळातून ती खेळाडू म्हणून गेली. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर काय बदलले, हे तिच्या प्रवासावरून नीट मोजता येते.

सांगली ते भारतीय संघ : रस्ता कसा होता?

स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईत झाला. ती लहान असतानाच कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आले. वडील श्रीनिवास जिल्हा पातळीवर क्रिकेट खेळलेले. भाऊ श्रवण महाराष्ट्राच्या १६ वर्षांखालील संघात खेळत होता. त्याला पाहूनच स्मृतीने बॅट हातात घेतली. ती लिहिते उजव्या हाताने, पण फलंदाजी डावखुरी करते.

नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात आणि ११व्या वर्षी १९ वर्षांखालील संघात तिची निवड झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध पश्चिम विभागाच्या १९ वर्षांखालील स्पर्धेत तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय स्वरूपाच्या सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

या वेळापत्रकात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नऊ वर्षांची मुलगी १५ वर्षांखालील संघात निवडली जाते, याचा अर्थ तिच्यात गुणवत्ता होती, पण त्याचबरोबर मुलींची संख्याही कमी होती. त्या वेळी मुलींसाठी वयोगटाच्या स्पर्धा आजच्याइतक्या नव्हत्या. आता बीसीसीआयच्या १५, १९ आणि २३ वर्षांखालील मुलींच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. महाराष्ट्रातील मुलीसाठी तीन दरवाजे आहेत : पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट संघटना, मुंबई क्रिकेट संघटना आणि नागपूरची विदर्भ क्रिकेट संघटना. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक हे जिल्हे महाराष्ट्र संघटनेत येतात. जिल्ह्याच्या निवड चाचणीपासून सुरुवात होते, मग राज्याचा वयोगटाचा संघ, मग वरिष्ठ संघ, त्यानंतर विभागीय किंवा चॅलेंजर स्पर्धा आणि शेवटी भारत 'अ' व भारत.

दरवाजे वाढले आहेत, तसे रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीही वाढल्या आहेत.

तेव्हा पैसे किती मिळायचे?

भारतात महिला क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. त्यात तीनच संघ होते : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढची तीन दशके हा खेळ वर्गणी, ओळखी आणि खेळाडूंच्या स्वतःच्या खर्चावर चालला. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आले. त्याआधीच्या, म्हणजे २००५ च्या विश्वचषकात भारत उपविजेता ठरला, तेव्हा खेळाडूंना सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले होते, असे तेव्हाची कर्णधार मिताली राज हिने नंतर सांगितले आहे.

मग खेळाडू जगायच्या कशावर? नोकरीवर. रेल्वे ही महिला क्रिकेटपटूंची सर्वांत मोठी आधारदाती होती. डायना एडल्जींपासून मितालीपर्यंत अनेकींनी रेल्वेत नोकरी केली, झूलन गोस्वामी एअर इंडियात होती. पगार सुरू, खेळायला रजा आणि निवृत्तीनंतरही नोकरी कायम. म्हणूनच देशांतर्गत महिला क्रिकेटमध्ये वर्षानुवर्षे रेल्वेचा संघच जिंकत राहिला. सर्वोत्तम खेळाडू तिथेच जात होत्या.

बीसीसीआयने महिलांना पहिल्यांदा वार्षिक करार दिले ते २०१५ मध्ये. ११ खेळाडू होत्या. 'अ' श्रेणीला १५ लाख, 'ब' श्रेणीला १० लाख. १९ वर्षांच्या स्मृतीचे नाव 'ब' श्रेणीत होते. मार्च २०१८ मध्ये हे आकडे ५० लाख, ३० लाख आणि १० लाख असे झाले आणि स्मृती 'अ' श्रेणीत गेली.

मधल्या तीन वर्षांत काय घडले?

२०१७ चा विश्वचषक घडला. पण स्मृतीसाठी त्या वर्षाची सुरुवात रुग्णशय्येवर झाली होती.

२०१६ मध्ये ती आणि हरमनप्रीत कौर या ऑस्ट्रेलियातील विमेन्स बिग बॅश लीगशी करारबद्ध झालेल्या पहिल्या भारतीय ठरल्या. स्मृती ब्रिस्बेन हीटकडून खेळली. जानेवारी २०१७ मध्ये तिथेच तिच्या गुडघ्याचे अस्थिबंध दुखावले. पाच महिने ती मैदानाबाहेर होती. विश्वचषकाची पात्रता स्पर्धा हुकली, मे महिन्यातील दक्षिण आफ्रिकेतील चौरंगी मालिका हुकली. सामन्यांच्या सरावाशिवाय ती थेट इंग्लंडला पोहोचली.

पहिल्या सामन्यात डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९० धावा, दुसऱ्या सामन्यात टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. त्यानंतरच्या सात डावांत मिळून केवळ ३६ धावा. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात शून्य. भारत नऊ धावांनी हरला. तरीही त्या स्पर्धेने भारतातील महिला क्रिकेटला प्रेक्षक मिळवून दिला आणि पुढच्या वर्षी करारांच्या रकमा वाढल्या.

परदेशी लीगने काय दिले?

पुरुष आणि महिला क्रिकेटमधला एक मोठा फरक इथे आहे. भारतासाठी खेळणाऱ्या पुरुष क्रिकेटपटूला बीसीसीआय परदेशी लीगमध्ये खेळू देत नाही. महिलांना मात्र परवानगी आहे. भारतात लीग नसताना भारतीय खेळाडूंनी व्यावसायिक क्रिकेट म्हणजे काय, हे परदेशात पाहिले.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या किया सुपर लीगमध्ये खेळणारी स्मृती ही पहिली भारतीय. वेस्टर्न स्टॉर्मकडून तिने ४२१ धावा केल्या आणि १८ चेंडूंत अर्धशतक ठोकले. त्याच वर्षासाठी आयसीसीने तिला सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू म्हणून निवडले. २०२१ मध्ये हा मान तिला पुन्हा मिळाला. पुढे ती बिग बॅशमध्ये होबार्ट, सिडनी थंडर, ॲडलेड या संघांकडून आणि इंग्लंडच्या 'द हंड्रेड'मध्ये सदर्न ब्रेव्हकडून खेळली. सिडनी थंडरसाठी २०२१ मध्ये तिने केलेल्या ६४ चेंडूंतील नाबाद ११४ धावांनी बिग बॅशच्या तेव्हाच्या सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येची बरोबरी केली होती.

भारतात तेव्हा काय होते? २०१८ मध्ये वानखेडेवर एक प्रदर्शनीय सामना. त्यानंतर तीन संघांची विमेन्स टी-ट्वेंटी चॅलेंज. २०२० मध्ये शारजात झालेली ती स्पर्धा स्मृतीच्या ट्रेलब्लेझर्स संघाने जिंकली. पण चार-चार सामन्यांत संपणाऱ्या या स्पर्धेवर कोणाचे घर चालणार नव्हते.

डब्ल्यूपीएल लिलावाने नेमके काय बदलले?

२०२३ मध्ये चित्र पालटले. पाच संघांच्या विक्रीतून बीसीसीआयला सुमारे ४,६७० कोटी रुपये मिळाले. प्रसारण हक्क पाच वर्षांसाठी ९५१ कोटींना गेले, म्हणजे एका सामन्याला सुमारे सात कोटी. हा पैसा आल्यावरच खेळाडूंना देण्यासाठी पैसा तयार झाला.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत पहिला लिलाव झाला. प्रत्येक संघाकडे खेळाडूंसाठी १२ कोटी रुपये होते. भारतासाठी न खेळलेल्या मुलींची मूळ किंमत १० किंवा २० लाख, खेळलेल्यांची ३० ते ५० लाख. पहिलेच नाव स्मृतीचे पुकारले गेले आणि रॉयल चॅलेंजर्स बंगळूरुने (आरसीबी) तिला ३ कोटी ४० लाखांना घेतले. त्या लिलावातील ही सर्वोच्च बोली होती.

बोली मोठी म्हणजे दडपणही मोठे. पहिल्या हंगामात आरसीबीने सलग पाच सामने गमावले. आठ सामन्यांत दोनच विजय. स्मृतीने आठ डावांत १४९ धावा केल्या, एकही अर्धशतक नाही. पुढच्याच वर्षी, १७ मार्च २०२४ रोजी, दिल्लीत दिल्ली कॅपिटल्सला आठ गडी राखून हरवत तिच्या संघाने विजेतेपद मिळवले. आरसीबीच्या पुरुष संघाला आयपीएल जिंकायला त्यानंतरही एक वर्ष लागले.

मोठ्या बोली फक्त प्रसिद्ध नावांवरच लागतात असेही नाही. धारावीत वाढलेल्या सिमरन शेखला २०२३ मध्ये यूपी वॉरियर्सने १० लाखांना घेतले होते. पुढच्या लिलावात तिला कोणीच घेतले नाही. डिसेंबर २०२४ च्या लिलावात गुजरात जायंट्सने तिच्यावर १ कोटी ९० लाख मोजले. दहा लाख, शून्य आणि मग जवळपास दोन कोटी, असा हा तीन लिलावांचा हिशेब आहे. या पेशात उत्पन्न किती वर-खाली होते, हे त्यावरून कळते.

समान मानधन म्हणजे समान कमाई का?

नाही. हा सर्वांत जास्त गैरसमज असलेला मुद्दा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने भारतासाठी खेळणाऱ्या महिला आणि पुरुषांचे सामन्याचे मानधन समान केले. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला सहा लाख, टी-ट्वेंटीला तीन लाख. निर्णय ऐतिहासिक होता. पण खेळाडूच्या उत्पन्नाचे तीन भाग असतात : वार्षिक करार, सामन्याचे मानधन आणि लीग. समानता आली ती फक्त मधल्या भागात.

करार पाहा. २०२४-२५ मध्ये महिलांच्या 'अ' श्रेणीत हरमनप्रीत, स्मृती आणि दीप्ती शर्मा होत्या. रक्कम ५० लाख. त्याच वर्षी पुरुषांच्या सर्वांत खालच्या 'क' श्रेणीतील खेळाडूला एक कोटी आणि सर्वांत वरच्या श्रेणीला सात कोटी मिळत होते. म्हणजे महिला संघाच्या कर्णधाराचा करार हा पुरुषांच्या शेवटच्या श्रेणीच्या निम्मा.

दुसरे म्हणजे सामने. दर सारखा असला तरी सामनेच कमी असतील, तर हातात कमीच येणार. कसोटीचे मानधन सर्वांत जास्त, पण स्मृतीने ऑगस्ट २०१४ मधील पदार्पणापासून २०२५ अखेरपर्यंत फक्त सात कसोटी सामने खेळले. नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ या साडेसहा वर्षांत भारतीय महिला संघाला एकही कसोटी मिळाली नाही. ती १८ वर्षांची असताना दुसरी कसोटी खेळली आणि तिसरी खेळली तेव्हा २५ वर्षांची होत आली होती. तिसऱ्यानंतर साधारण तीन महिन्यांनी झालेल्या चौथ्या कसोटीत तिने ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुलाबी चेंडूवर १२७ धावा केल्या. मधली ती वर्षे परत मिळणार नाहीत.

तरीही आकडे कुठवर पोहोचले?

सामन्यांची ही कमतरता असूनही स्मृतीची कामगिरी थक्क करणारी आहे. जून २०२५ मध्ये ट्रेंटब्रिजवर इंग्लंडविरुद्ध ६२ चेंडूंत ११२ धावा करून ती तिन्ही प्रकारांत शतक करणारी पहिली भारतीय महिला ठरली. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक झळकावले. एका कॅलेंडर वर्षात एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा करणारी ती जगातील पहिली महिला. याआधीचा ९७० धावांचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कच्या नावावर १९९७ पासून होता. विश्वचषकात तिने ४३४ धावा केल्या. विश्वचषकाच्या एका आवृत्तीत कोणत्याही भारतीय महिलेने केलेल्या या सर्वाधिक धावा आहेत.

या विश्वचषकाची सुरुवात मात्र ८, २३, २३ अशी झाली होती. २०१७ मध्ये सुरुवात चांगली आणि शेवट वाईट, २०२५ मध्ये नेमके उलटे. दोन्ही वेळा संघाने तिच्यावर विश्वास ठेवला, हे महत्त्वाचे. करार असलेल्या खेळाडूला वाईट दिवसांतून सावरायला वेळ मिळतो. करार नसलेल्या खेळाडूला तो क्वचितच मिळतो.

लीगच्या खाली काय आहे?

खरा प्रश्न इथे सुरू होतो. डब्ल्यूपीएलच्या एका संघात जास्तीत जास्त १८ खेळाडू असतात. त्यातील सहा परदेशी धरल्या, तर पाच संघांत मिळून भारतीय मुलींसाठी जास्तीत जास्त ६० जागा उरतात. देशांतर्गत वरिष्ठ स्पर्धांत ३५ हून अधिक संघ खेळतात. संघामागे १५ खेळाडू धरल्या तरी संख्या सव्वापाचशेच्या वर जाते. म्हणजे वरिष्ठ राज्य संघापर्यंत पोहोचलेल्या साधारण नऊ मुलींपैकी एकीलाच लीगमध्ये जागा आहे. उरलेल्या आठ जणींचे काय?

त्यांचे उत्पन्न म्हणजे देशांतर्गत सामन्यांचे मानधन. २०२१ मध्ये ते दिवसाला साडेबारा हजारांवरून २० हजार रुपये झाले. टी-ट्वेंटीला त्याच्या निम्मे, राखीव खेळाडूंनाही निम्मेच. समजा एखादी मुलगी हंगामात सात एकदिवसीय आणि सात टी-ट्वेंटी सामने अंतिम ११ मध्ये खेळली. तर १ लाख ४० हजार अधिक ७० हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख १० हजार रुपये. महिन्याला साडेसतरा हजार. यातच चांगली बॅट, बूट, फिजिओ, जिम, खुराक आणि सरावाचा खर्च. शिवाय संघ साखळीतच बाद झाला, तर पुढचे सामने नाहीत आणि मानधनही नाही. बाकावर बसली तर रक्कम निम्मी.

विश्वचषकानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, बीसीसीआयने यात मोठी वाढ केली. वरिष्ठ गटात एकदिवसीय आणि बहुदिवसीय सामन्यांसाठी दिवसाला ५० हजार, टी-ट्वेंटीसाठी २५ हजार. वरचाच हिशेब नव्या दराने केला, तर सव्वापाच लाख होतात. महिन्याला साधारण ४४ हजार. ही रक्कम एखाद्या नवख्या नोकरदाराच्या पगाराजवळ जाते. स्मृतीच्या विक्रमांपेक्षा किंवा कोट्यवधींच्या बोलींपेक्षाही हा निर्णय जास्त मुलींच्या आयुष्यावर परिणाम करणारा आहे. मात्र तो पगार नाही. खेळलेल्या दिवसांचाच मोबदला आहे. दुखापत झाली, फॉर्म गेला किंवा निवड झाली नाही, तर तो शून्य होतो.

राज्यात संधी न मिळाल्यास?

सोलापूर जिल्ह्याच्या किरण नवगिरेचा रस्ता इथे पाहण्यासारखा आहे. ॲथलेटिक्समधून क्रिकेटकडे आलेली ही मुलगी महाराष्ट्रातून नागालँडकडे गेली. २०२२ च्या वरिष्ठ टी-ट्वेंटी स्पर्धेत अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने नाबाद १६२ धावा केल्या. टी-ट्वेंटी सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय, महिला आणि पुरुष दोन्ही धरून. त्यानंतर पुण्यात झालेल्या टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये २५ चेंडूंत अर्धशतक, त्याच वर्षी भारतीय संघात पदार्पण आणि २०२३ च्या लिलावात यूपी वॉरियर्सकडून ३० लाख रुपये. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा महाराष्ट्राकडून खेळताना तिने नागपुरात पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केले. महिलांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमधील हे सर्वांत वेगवान शतक.

स्मृती १६व्या वर्षी भारतासाठी खेळली, किरण त्याहून बरीच उशिरा, २८ वर्षांची होताना. एकीचा रस्ता सरळ वर गेला, दुसरीला वळसा घ्यावा लागला. बहुतेक मुलींचा रस्ता दुसऱ्या प्रकारचाच असतो आणि तितकी वर्षे थांबण्यासाठी पाठीशी घर, नोकरी किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी लागते. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने महिलांची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केल्याने राज्यातच दिसण्याची आणखी एक जागा तयार झाली आहे.

दुखापत झाली तर?

कश्वी गौतमचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २०२३ च्या लिलावात गुजरात जायंट्सने या नवोदित गोलंदाजाला दोन कोटींना घेतले. भारतासाठी न खेळलेल्या खेळाडूसाठी ती तेव्हाची विक्रमी बोली होती. पण हंगाम सुरू होण्याआधीच ती जायबंदी झाली आणि एकही सामना खेळू शकली नाही. सावरायला वेळ लागला, मात्र ती परतली आणि २०२५ मध्ये भारतासाठी खेळली.

विश्वचषकातही हेच दिसले. सलामीवीर प्रतिका रावलने न्यूझीलंडविरुद्ध शतक केले, स्मृतीबरोबर २१२ धावांची भागीदारी केली आणि पुढच्याच सामन्यात तिचा घोटा दुखावला. तिच्या जागी आलेली शफाली वर्मा मूळ संघातही नव्हती. ती हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेत खेळत होती. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या आणि सामनावीर ठरली. एकीची जागा गेली, दुसरीला ती मिळाली. शफाली तयार राहू शकली, कारण ती देशांतर्गत सामने खेळत होती.

मग पालकांनी काय समजावे?

पहिले, २०१३ च्या तुलनेत आज परिस्थिती कितीतरी चांगली आहे. वयोगटाच्या स्पर्धा आहेत, लीग आहे, मानधन वाढले आहे आणि वर पोहोचलेल्या खेळाडूला आर्थिक सुरक्षितता आहे.

दुसरे, ही सुरक्षितता फार थोड्यांना आहे. बीसीसीआयचा करार साधारण १५ ते २० जणींना, लीगची जागा जास्तीत जास्त ६० जणींना. त्याखाली सामना खेळला तर पैसे, नाहीतर नाही. राज्य संघातील खेळाडूंना वर्षभराचा ठरावीक करार मिळावा, ही पुढची पायरी आहे. ती आली, तर मुलीला वयाच्या २४-२५व्या वर्षी खेळ की नोकरी असा निर्णय घ्यावा लागणार नाही. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय संघाखालच्या खेळाडूंनाही असे करार मिळतात.

तिसरे, शिक्षण आणि नोकरीचा धागा तोडू नये. क्रीडा कोट्यातील नोकरी, विशेषतः रेल्वेतील, आजही अनेक खेळाडूंचा खरा आधार आहे. क्रिकेटच्या आजूबाजूलाही कामे वाढत आहेत : प्रशिक्षक, पंच, गुणलेखक, व्हिडीओ विश्लेषक, फिजिओ. लीग वाढली की या जागाही वाढतात आणि तिथे मैदानावर घालवलेली वर्षे वाया जात नाहीत.

मुलगी स्मृती होईल का, हे कोणीच सांगू शकत नाही. ती राज्य संघापर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली, तरी तिचे जगणे सन्मानाने चालेल का, हा प्रश्न मात्र व्यवस्थेला विचारता येतो. डिसेंबर २०२५ च्या मानधनवाढीने त्याचे अर्धे उत्तर दिले आहे. उरलेले अर्धे राज्य संघांच्या करारांत दडलेले आहे.